हेमाबायचा आवाज

'आपुलकी' या शब्दाची मला शिसारी बसली आहे. कुणी तो तोंडातून काढला की मी तिथून उठतो. लग्नपत्रिकेत छापलेला दिसला तरी पत्रिका पालथी घालून ठेवतो. बायको म्हणते, शब्दावर कसला राग काढता? तिचं खरं आहे, शब्दाने माझं काही घोडं मारलेलं नाही. पण ही गोष्ट जिच्याकडे खरोखर होती अशा एका बाईला मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं, आणि तिच्या जिवावर ज्यांनी दुकान मांडलं त्यांनी पाटीवर नेमका हाच शब्द लिहिला. म्हणून किळस येते.

बाईंचं नाव हेमलता सावे. तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत, बाटल्यांची झाकणं बनवणारा आमचा कारखाना आहे. मी तिथे डिस्पॅचला. गाड्या भरायच्या, कागद करायचे, आणि अच्छाडच्या तपासणी नाक्यावर गाडी अडकली की ड्रायव्हरच्या शिव्या फोनवर ऐकून घ्यायच्या, हे माझं काम. हेमाताई वेल्फेअर ऑफिसर. मुंबईत समाजकार्याची पदवी घेऊन परत डहाणूला आलेल्या. सकाळी सागर नाक्यावर कंपनीच्या बसमध्ये चढायच्या त्या थेट ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी. ती जागा त्यांची. नवा माणूस चुकून तिथे बसला तर त्या बोलत काही नसत, त्याच्या डोक्यावर उभं राहून त्याच्याकडे बघत राहत. तो आपणच उठायचा. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं की वाक्य अर्धं तोडून हात जोडायच्या आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायच्या. त्या वाक्यात बहुतेक कुणाची तरी खरडपट्टी चाललेली असायची.

तेव्हा त्या गोड बाई होत्या असं कुणी समजू नये. हेकट होत्या. नको तिथे नाक खुपसायच्या. माझ्या भावाचं लग्न मोडल्याचं मला घरून कळायच्या आधी त्यांनी मला सांगितलं होतं, आणि वर दोष भावाचाच कसा तेही. शिवाय स्वतःच्या आवाजाचा भारी अभिमान. आवाज होताही तसा, घोगरा आणि भरदार, मोल्डिंगच्या धडधडीतूनही ऐकू यायचा. गणपतीत आरती त्यांनी उचलल्याशिवाय कुणी टाळ वाजवायचं नाही. कुणी वाजवलाच तर तो पुढच्या गणपतीपर्यंत त्यांच्या मनातून उतरलेला असायचा.

आमचे बहुतेक कामगार आजूबाजूच्या पाड्यांवरचे. ही माणसं सगळ्यांना 'तू' म्हणतात. शेठची गाडी वाटेत आली तर सरळ म्हणतील, "शेठ, तू जरा गाडी बाजूला घे." नवीन आलेल्या साहेबांना पहिल्या आठवड्यात हे झोंबायचं. एकाने हेमाताईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "अहो, ते देवालासुद्धा तूच म्हणतात. तुम्हाला काय म्हणावं अशी इच्छा आहे?" त्या साहेबाने पुन्हा तो विषय काढला नाही. हेमाताईंना सगळे हेमाबाय म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत त्या ऑफिसात बसत नसत. पाण्याच्या टाकीमागे एक पायरी आहे, वर आंब्याची सावली. तिथे त्या डबा सोडायच्या. डबा कसला, बिऱ्हाडच ते. तांदळाच्या भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधलेली, वालाचं बिरडं, कधी सुक्या बोंबलाची चटणी, थंडीत उकडहंडी. एकट्या बाईला इतकं कशाला लागतं असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला उत्तर न देता एक भाकरी हातावर ठेवली.

मग कळलं. पाड्यावर 'जेवलास का?' हे उगाच तोंडातून काढायचं वाक्य नाही. विचारलं की वाढावं लागतं. म्हणून तिथे ज्याला त्याला उत्तर एकच मिळतं, 'जेवलो'. पोटात काही नसलं तरी जेवलो. 'नाही' म्हटलं आणि समोरच्याच्या घरात काही नसलं तर त्याला खाली मान घालावी लागेल, ती कशाला घालायला लावायची? 'नाही' म्हणायचं ते फक्त आपल्या माणसाला, ज्याच्या हातात काहीतरी आहे हे ठाऊक आहे अशाला. हेमाताई हे ओळखून होत्या. हात रिकामा असेल तर त्या हा प्रश्न कुणालाही विचारायच्या नाहीत. "फुकट विचारायचं नाही," त्या म्हणायच्या. "विचारायचं तर हातात भाकरी पाहिजे."

एकदा मोल्डिंगचे मॅनेजर पायरीजवळून चालले होते. माणूस वाईट नव्हता. जाता जाता जान्या नावाच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला म्हणाले, "काय जान्या, जेवलास का?" जान्याचा त्यांच्यावर जीव होता. तो म्हणाला, "नाय." साहेब हसले आणि पुढे निघाले. मागून आवाज आला, "साहेब, थांबा. तुम्ही त्याला विचारलंत ना? मग आता वाढा." साहेबांना वाटलं थट्टा आहे. बाई उभ्या राहिल्या. सगळं पॅकिंग बघत होतं. शेवटी साहेबांनी केबिनमधून आपला डबा आणवला आणि पुऱ्या-भाजी जान्यापुढे ठेवली. जान्याने ती सावकाश, चवीने खाल्ली आणि म्हणाला, "मीठ कमी हाय." त्यानंतर ते साहेब कुणाला असलं विचारायच्या आधी स्वतःचा डबा कुठे आहे ते बघून घ्यायचे.

पायरीवर बसून माणसं खायची आणि खाता खाता बोलायची. हेमाताई खोदून विचारायच्या नाहीत, आणि इतक्या चौकस बाईला ते जड जात असणार. पण ऐकायच्या. कुणाचं पोर तापलंय, कुणाचा नवरा पितो, आवणीला घरी माणूस नाही. मग त्या आपल्या टेबलाशी जाऊन पाळ्या फिरवायच्या. भातलावणीच्या दिवसांत अर्धे पाडे शेतात असले तरी आमची मशीनं थांबली नाहीत, ती त्या पायरीमुळे.

संगीचं सांगतो. संगी पॅकिंगमध्ये होती, उधव्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. जिभेची तिखट, हाताची चपळ. नवरा सौराष्ट्रातल्या बोटीवर खलाशी, आमच्याकडचे कितीतरी जातात तसा, महिनोन्महिने बाहेर. घरी म्हातारी आई आणि लहान मुलगी. ती एकदा कामावर यायची बंद झाली. ठेकेदार दुसरी बाई घ्यायला निघाला, तर हेमाताईंनी त्याला दम भरला आणि रविवारी मला म्हणाल्या, "स्कूटर काढ."

पाड्यावर पोचलो. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही की का येत नाहीस. ओट्यावर बसल्या. संगीच्या आईने नागलीची भाकर आणि सुकट पुढे ठेवली ती खाल्ली, कोंबडी खुडुक झालीय त्यावर बोलल्या, मुलीच्या केसांतल्या उवांवर बोलल्या. मी कंटाळून गेलो. निघताना संगी अंगणाच्या कुडापर्यंत आली आणि तिथे उभी राहून म्हणाली, "बाय, त्याचा फोन नाय लागत. बोटी आल्या, तो नाय आला." एवढंच म्हणायला तिला सगळी सकाळ लागली होती. हेमाताईंनी मग कुठून कुठून नंबर काढून त्या बोटीच्या तांडेलाला गाठलं. नवरा धड होता, दुसऱ्या बोटीवर चढला होता आणि त्याचा फोन पाण्यात पडला होता. संगी दुसऱ्या दिवशी कामावर आली, आणि येताना हेमाताईंसाठी करवंदं घेऊन आली. बसमध्ये त्या करवंदांना बाईंनी मला हातसुद्धा लावू दिला नाही.

आता घाण भागाकडे येतो.

धाकट्या शेठने कारखाना हातात घेतला आणि एचआरचा नवा हेड आणला. पुण्याचा मुलगा, चिन्मय. दाढीला वास मारणारं काहीतरी लावायचा. "मला सर नको, चिन्मयच म्हणा," म्हणायचा, आणि कुणी चिन्मय म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. सारखं वेलबीइंग, वेलबीइंग. कामगारांच्या मनाचं आरोग्य आता एआय बघणार म्हणे. पंचिंगच्या मशीनशेजारी एक पडदा लावला, त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पिवळे चेहरे. खाली लिहिलेलं, 'आज आपली मनःस्थिती कशी आहे?' कामगारांनी तो वाचला आणि एकमेकांकडे बघितलं. रडका चेहरा दाबवेना, कारण आपलं रडं भिंतीला कोण सांगतं? हसरा दाबवेना, दृष्ट लागेल. सगळ्यांनी मधला दाबला. काही दिवसांनी जान्याच उभा राहून सगळ्यांच्या वतीने मधला दाबायला लागला.

चिन्मय वैतागला. आणि मग एक दिवस तो त्या पायरीवर येऊन बसला. हेमाताईंनी त्याला भाकरी दिली, बोंबलाची चटणी दिली. तो शाकाहारी होता म्हणून चटणी उचलून जान्याला दिली आणि त्याला बिरडं वाढलं. त्याने खाल्लं, आजूबाजूचं बोलणं ऐकलं, बोटं चाटली. "मॅडम, दिस इज गोल्ड," म्हणाला. भाकरी खाऊन गेला आणि जाताना बाईंचा 'जेवलास का?' हा प्रश्न घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात बाईंना मीटिंग रूममध्ये बोलावलं. एसी, माइक, बिस्किटं. त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. मशीन तो शिकणार आणि मग प्रत्येकाच्या फोनवर, प्रत्येकाच्या नावाने, त्यांच्याच आवाजात बोलणार. बाईंना माहीत नाही असं काहीही बोलणार. हेमाताई खुलल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोज ठेवणीतली साडी नेसून यायच्या आणि बसमध्ये कुणाशी बोलायच्या नाहीत, घसा जपायचा म्हणून. खडीसाखर चघळत बसायच्या.

पण केवळ हौस नव्हती ती. एका संध्याकाळी चारोटीला बस सिग्नलशी थांबली होती तेव्हा म्हणाल्या, "दिनेश, माझे गुडघे गेले. पाड्यांवर चढवत नाही आता. मी रिटायर झाल्यावर यांना कोण विचारणार? निदान आवाज तरी विचारेल."

"आणि वाढणार कोण?"

"ते मी बांधून घेतलंय," त्या म्हणाल्या. "कुणी नाही म्हटलं की आधी मला कळवायचं. मी असेपर्यंत मी, नंतर जी येईल ती. चिन्मय हो म्हणालाय." कागदांवर सह्या झाल्या. कागदात हे कुठे नव्हतं, पण माणूस तोंडाने हो म्हणाला होता आणि हेमाताईंच्या हिशेबी तेवढं पुरे होतं.

त्या प्रकाराचं नाव ठेवलं 'आपुलकी'.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे फोन एकदम बोलायला लागले. "संगी, जेवलीस का गं?" "जान्या, जेवलास का रे?" हुबेहूब. तोच घोगरा सूर, शेवटी किंचित वर चढणारा. बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "हेमाबाय फोनात शिरली," म्हणाल्या. हेमाताई स्वतः दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. मग ती माणसं फोनशी बोलायला लागली. आवाज आपल्या बायचा, म्हणजे खरं सांगायचं. झोप नाही लागली, खरं सांगितलं. उधारी झालीय, खरं सांगितलं. मशीन मध्येच 'हो का गं', 'मग?' असं म्हणायचं. तेही बाईंचंच होतं.

जान्याने त्याहून पुढचं केलं. फोनने विचारलं, तो म्हणाला, "नाय जेवलो, बाय." आणि उठून पायरीवर जाऊन बसला, भाकरीची वाट बघत. हेमाताई त्या दिवशी पालघरला लेबर ऑफिसात गेल्या होत्या. सुट्टी संपली, तो उपाशी मशीनवर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या कामाने बाहेर आणि हा पायरीवर. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांना तो दिसला.

"जान्या, इथे एकटा काय करतोस?"

"तूच विचारलंस ना? मी नाय म्हटलं. तुझीच वाट बघतो."

"कधी विचारलं मी?"

"काल. परवा पण." आणि मग जरा फुगून, "विचारतेस आणि येत नाय."

बाईंनी त्याला पोटभर वाढलं. स्वतः काही खाल्लं नाही. हात धुऊन सरळ एचआरमध्ये गेल्या. माझ्या गाडीच्या कागदावर सही हवी होती म्हणून मी तिथेच उभा होतो, त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"चिन्मय, जान्या नाही म्हणाला होता. मला कळवलं का नाही?"

"मॅडम, रिस्पॉन्सेस डॅशबोर्डला जातात." त्याने कौतुकाने स्क्रीन वळवली. सगळ्यांची नावं, पुढे हिरवा, पिवळा, लाल. कोण किती दिवस टिकेल, कोण काम सोडेल, कुणाच्या हातून चूक होईल, हे मशीन त्यांच्या बोलण्यावरून सांगत होतं. जेवलो नाही म्हटलं, रंग उतरला. झोप नाही म्हटलं, आणखी उतरला. 'बोटी आल्या, तो नाय आला' हे संगीने यंदाही सांगितलं होतं, या वेळी कुडाशी उभं राहून नव्हे, फोनला. आईला अंथरुणातून उठवत नाही, मन लागत नाही, हेही सांगितलं होतं. संगी लाल होती. तिच्या नावाला टिचकी मारली की तिचं सगळं बोलणं लिहिलेलं दिसत होतं, 'बाय' या शब्दासकट.

"संगी कुठे आहे?" हेमाताईंनी विचारलं.

कुठे असणार? ठेकेदाराची जीप रोज सकाळी तिच्या पाड्याखाली थांबायची. सोमवारपासून ती थांबली नव्हती. संगी रस्त्याला उभी होती आणि जीप तिच्या समोरून गेली होती. तिच्याबरोबर आणखी काही जणी.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. "कुणी काढलं तिला?"

"आम्ही कुणालाच काढत नाही, मॅडम. सिस्टीम फक्त सुचवते. निर्णय ठेकेदाराचा असतो." ठेकेदाराला मी नंतर गाठलं तर तो म्हणाला, मी कोण काढणार, वरून नाव लाल आलं. शेठला विचारलं असतं तर त्याने चिन्मयकडे बोट दाखवलं असतं. सगळ्यांचे हात स्वच्छ. ज्या कारखान्यात सगळ्यांचे हात इतके स्वच्छ असतात तिथे श्वास घ्यायला मला नको वाटतं.

"माझा आवाज काढून टाक त्यातून," बाई म्हणाल्या.

"मॅडम, आवाज आता कंपनीचा आहे. तुम्ही सही केलीय. आणि बघा ना, लोक किती बोलतायत तुमच्याशी. ही तुमची लेगसी आहे."

"माझ्याशी नाही बोलत ते. मी ही इथे उभी आहे."

त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याला खरंच कळवळा आला होता असं मला वाटतं, आणि तेच सगळ्यात ओंगळ होतं. "तुम्ही स्ट्रेसमध्ये दिसताय," तो म्हणाला. "तुमच्यासाठीही आपुलकी आहे ना. थोडं बोलून बघा तिच्याशी. बरं वाटेल." आणि त्याने आपल्या फोनवर त्यांचं नाव दाबून तो त्यांच्यापुढे धरला. फोन म्हणाला, "हेमलता, जेवलीस का गं?"

हेमाताई बाहेर आल्या, बेसिनपर्यंत पोचल्या आणि तिथे ओकल्या. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. मी तांब्या भरून दिला. त्यांनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रविवारी स्कूटर काढ."

पाड्यापर्यंत चढताना गुडघ्यांमुळे त्या तीनदा थांबल्या. भाकऱ्यांचं गाठोडं माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच्या हातात धरलं. संगी अंगणात होती. तिने चटई टाकली, पाणी दिलं, बसायला सांगितलं. सगळं रीतसर. मुलगी धावत यायला निघाली होती, तिला दंडाला धरून आत नेलं. बाई ओट्यावर बसल्या. मी घराच्या दारातून आत बघितलं, तर चूल गार होती आणि चुलीपुढे मांजर झोपलं होतं.

हेमाताईंनी गाठोडं सोडलं, भाकऱ्या दिसतील अशा उघड्या केल्या आणि मग विचारलं, "जेवलीस का गं?"

संगीने भाकरीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"जेवले, बाय," ती म्हणाली.

परक्याला सांगतात तेच उत्तर. अगदी नम्रपणे. हेमाताई समजवायला लागल्या, की ती मी नव्हते, ते मशीन होतं, मला माहीत नव्हतं. संगी ऐकत होती. मान हलवत होती. पण जो आवाज समजावत होता तोच तर तो आवाज होता. ते बाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण बोलता बोलता त्या मध्येच गप्प झाल्या. भाकऱ्या ठेवून निघालो तर संगीने गाठोडं पुन्हा बांधून कुडापर्यंत आणून दिलं. "ने बाय, वाया जातील," म्हणाली. परतताना हेमाताई स्कूटरवर मागे बसून रडत होत्या. मला खांद्यावर कळत होतं.

रिटायर व्हायला अवकाश होता, तरी त्यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. शाल-श्रीफळाला आल्या नाहीत. तरी त्या लोकांनी समारंभ केला. पडद्यावर बाईंचा फोटो, टेबलावर केक, आणि आभाराचं भाषण त्याच आवाजाने केलं. टाळ्या वाजल्या. मी बाहेर जाऊन गाडीत भरायचे खोके रचत बसलो. एकही गाडी यायची नव्हती, तरी रचत बसलो.

मी अजून तिथेच आहे. नोकरी आहे, ती करतो. रोज दुपारी फोन बोलतो आणि मी 'जेवलो' म्हणतो. सगळेच म्हणतात आता. पॅकिंगमध्ये सगळ्यांची झोप छान आहे, सगळ्यांच्या घरी सुख आहे, कुणाचा नवरा पीत नाही. चिन्मयने स्क्रीनवरचा तो हिरवागार रंग शेठला दाखवला आणि त्याला बढती मिळाली. पायरीवर कुणी बसत नाही. तिथे रिकामे ड्रम रचलेत.

हेमाताईंना मी गेल्या चैत्रात जत्रेत पाहिलं. सुट्टीचा दिवस होता, विवळवेढ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर सुक्या मासळीवाल्या बसतात, तिथे त्या एका बाईशी सुकटीच्या भावावरून हुज्जत घालत होत्या. हातात काठी आली होती. मला बघून हुज्जत अर्धी सोडली, देवळाच्या दिशेला हात जोडले आणि उरलेली हुज्जत पुरी केली. खूप बरं वाटलं मला.

मग आम्ही एका झाडाखाली बसलो. त्यांनी पिशवीतून गाठोडं काढलं. काही न विचारता एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. माझ्या लक्षात आलं, भेटल्यापासून त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या, जेवलास का. पूर्वी हातात भाकरी असली की त्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू व्हायचं नाही.

"आता नाही विचारत मी कुणालाच," त्या म्हणाल्या. "नुसतं वाढते."

गर्दीतून संगी येताना दिसली, मुलीचा हात धरून. मुलगी आता उंच झाली होती. नवरा उशिराने का होईना आला होता म्हणे, आणि दोघं उंबरगावला एका वाडीत कामाला जात होती. मुलीने बाईंना ओळखलं आणि आईला ओढत घेऊन आली. संगी जरा लांब उभी राहिली. हेमाताईंनी गाठोड्यात हात घातला. दोन भाकऱ्या काढल्या, वर चटणी घातली, एक मुलीच्या हातात दिली आणि दुसरी नुसती पुढे धरून बसल्या. कितीतरी वेळ हात तसाच. संगी खाली बसली आणि तिने ती घेतली. तुकडा मोडला.

तेवढ्यात माझ्या खिशातून आवाज आला. सुट्टीच्या दिवशीही ते सोडत नाहीत.

"दिनेश, जेवलास का रे?"

तोच घोगरा, भरदार सूर, शेवटी किंचित वर चढणारा. संगीचा हात थांबला. तिने मोडलेला तुकडा परत भाकरीवर ठेवला आणि भाकरी फडक्यावर. मुलीच्या हातातलीही काढून घ्यायला निघाली. मला त्या फोनचा असा संताप आला की वाटलं दगडावर आपटावा. पण उत्तर दिलं नाही की तो पुन्हा विचारतो, आणि मग नाव पिवळं होतं. तो पुन्हा म्हणाला, "दिनेश, जेवलास का रे?"

हेमाताईंनी हात पुढे केला. "आण इकडे."

मी फोन दिला. त्यांनी तो तोंडाशी धरला. गुडघ्यावर भाकऱ्यांचं गाठोडं उघडं होतं आणि समोर संगी बघत होती.

"जेवलो," हेमाताई म्हणाल्या.

पाड्यावर परक्याला सांगतात तसं, नम्रपणे. मशीनला वाटलं मीच बोललो, की वाटलं नाही, कोण जाणे. ते त्यांच्याच आवाजात म्हणालं, "शहाणा माझा. उद्या बोलू हं." आणि बंद झालं. बाईंनी फोन मला परत दिला आणि हात साडीला पुसला.

संगीने त्यांच्याकडे बघितलं. मग फडक्यावरची भाकरी उचलली.

"बाय," ती म्हणाली, "सकाळपासून काय खाल्लं नाय गं."